दातांची दुसरी बाजू

फोर्ट पोर्टलच्या चढाखाली
काबाहेंडाचं गॅरेज : एक निलगिरी, एक ताडपत्री.
मुगिसा गाडी ढकलत आला, घामाघूम.
"इंजिन गेलं."

ती बोलली नाही.
प्लग काढून फडक्यात धरला.
काजळी नाही, पांढुरकाही नाही,
भाजक्या शेंगदाण्याचा रंग.
"इंजिन नीट जेवतंय तुझं."

मग मागचं चाक हातानं फिरवलं, सावकाश,
कान चेनपाशी.
मी पाना धरून उभा; मला काहीच ऐकू येईना.
"कट्," ती म्हणाली. "परत. कट्."

स्प्रॉकेटचे दात एका अंगाला वाकलेले,
सात वर्षं एकाच बाजूनं ओढून.
"नवी चेन घालतो."
"घाल. हे दात तिला महिन्यात खातील."

पैसे चेनपुरतेच होते.
केळ्यांचे दोन घड अजून मागे बांधलेले.

तिनं नट सोडले,
स्प्रॉकेट उलटं करून बसवलं.
दातांची दुसरी बाजू कोरी होती,
तिला कुणी कधी कामच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी चढावरून गाडीचा आवाज आला.
कट् नव्हतं.
इंजिन मात्र नुसतंच ओरडत होतं, गाडी रेंगाळत होती.
या वेळी मलाही ऐकू आलं.
"क्लच?" मी विचारलं.
काबाहेंडानं हात पुसले.
"शनिवारी येईल."