असोला

तळाशीलला जमीन म्हणजे वाळूची एक पट्टी,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या.
मैदानाच्या रेषा मला कुणी शिकवल्या नाहीत.
पाय ओला झाला की बाहेर.

चेंडू पहिल्यांदा पाहिला तो
बदलीवर आलेल्या नाईकनवरे बाईंच्या पिशवीत.
आईला सांगितलं, असोल्या नारळासारखा असतो.
ती म्हणाली, "मगे सोलूचो लागता काय गो तो?"

बाई म्हणाल्या, एवढंच लक्षात ठेवा:
आपण पुढे धावायचं, चेंडू मागे द्यायचा.
पोरी गोंधळल्या. मी नाही.
रापणीत आम्ही उलटं करतो एवढंच,
दोर धरून मागे मागे सरतो
आणि दर्या पुढे येतो
पोटात पेडवे घेऊन.

बाबा दोराच्या मधोमध, मी शेपटाला.
त्यांच्या पाठीकडे बघून स्क्रम शिकले:
मान आत, कंबर खाली,
शेजारच्याचा श्वास आपल्या फासळीत मोजायचा.
शेजारी बाबल तारी. त्याच्याशी आमचा
एका माडावरून दावा चालू मालवणच्या कोर्टात,
आणि दोराला तोच बाबांच्या खांद्याला खांदा लावून.
पंधरा वर्षं.

देशासाठी मी नऊ सामने खेळले.
बोटांवर मोजून होतात.
एक बोट उरतं, तेही वाकडं,
ताश्कंदला मोडलेलं.

पहिल्या दौऱ्याचं तिकीट रापणसंघाने काढलं.
अठ्ठावीस वाटे पडायचे, त्या दिवशी एकोणतीस पाडले
आणि शेवटच्या बांगड्यांच्या ढिगावर
माझी चप्पल ठेवली.

व्हिएन्तियानला भोंग्यावरून नाव पुकारलं,
"मो-ही-नी खा-वा-ने."
पुढचा कर वाऱ्याने खाल्ला.
त्रेसष्ट-शून्य हरलो आम्ही.
रात्री घरी फोन लावला.
बाबांनी विचारलं, "दोर सोडलंस?"
म्हटलं, "नाय."
"मगे जेव," म्हणाले, आणि ठेवला.

ट्राय मी एकच केला. जकार्ता, सत्तरावं मिनिट.
खरं तर तीन नंबरवालीचं ते कामच नव्हे,
तिने गाडून घ्यायचं आणि इतरांनी वरून जायचं.
पण ढीग हलला, चेंडू माझ्या पोटाशी आला,
मी पडले ती रेषेच्या पलीकडे.
पंच पोटावर झोपला, हातापायांच्या गुंत्यात डोकावला,
मग शिट्टी.
व्हिडिओत नुसत्या पाठी दिसतात.
आई अजून विचारते, "ह्यातली तू खंयची गो?"

बघायला आलेल्या देवगडच्या मंडळींनी
माझ्या फुगलेल्या कानाकडे बघत चहा संपवला.
चहा चांगला झालाय म्हणाले.

आता बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
डावा खांदा दोनदा निखळून बसवलेला,
उधाणाच्या आदल्या रात्री ठणकतो,
घरात भरतीचं वेळापत्रक लागत नाही.

बाईंनी फक्कीने आखलेलं मैदान
तीन वर्षांत दर्याने नेलं.
आमच्या ट्राय लाइनवर आता मोरी फिरत असेल.
माडही गेला, मुळासकट,
दाव्यात उरलं काय ते वकिलांना ठाऊक.

बाबा गेले त्यानंतरची पहिली रापण.
मी सवयीने शेपटाला उभी.
बाबल तारी मागे न बघताच ओरडला,
"चेडवा, मधी ये!"
बाबांची जागा मोकळी होती,
एका माणसाएवढा दोर,
कुणी हात न लावलेला.

गेले. उजवा खांदा लावला.
मान आत, कंबर खाली.
बाबलचा श्वास दम्याचा, तुटक,
तरी मोजला.

काठावर कुणी पाहुणा फोन धरून उभा होता,
त्यालाही पाठीच दिसल्या असणार.

लाट आली, घोट्याच्या वर चढली.
दोन्ही पाय पाण्यात.
शिट्टी कुणी वाजवली नाही.