हलू दे

मंगळवारी साडेपाचला मुहर्रकच्या जुन्या गल्लीत
व्हीलचेअरसाठी उतार केलाय, तिथे गाडी लावायची नाही,
हे मला तीनदा सांगावं लागलं.
मी आपला उल्काचा ड्रायव्हर, उल्काची पिशवी, उल्काचा नॅपकिन.
दारात सोडायचं, टपरीवर कडक चहा, आठला न्यायचं.

बदरियाबाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, बाहेर का? खुर्ची आहे.
आणि हजेरीत माझं नाव घातलं,
अरबीत, उजवीकडून डावीकडे.
शेजारी माझी सही, डावीकडून उजवीकडे.

एकतीस वर्षं गोदीत ड्राफ्ट्समन.
जहाजांच्या पोटातल्या नळ्या काढल्या मी,
आधी शाईने, मग संगणकावर.
शाईच्या दिवसांत रेघ जरा हलली
की ब्लेडने खरवडायची, नखाने कागद घोटायचा,
पुन्हा ओढायची.
हललेली रेघ म्हणजे गळणारी नळी.

उल्काची रेघ जन्मापासून हललेली.
हात निघतो एकीकडे, पोचतो भलतीकडे,
चौतीस वर्षं ती त्याच्यामागे धावते आहे,
कधी हसत, कधी दात खाऊन.
ब्रश मुठीत ठरेना,
तेव्हा मी एसीच्या नळीवरचा काळा फोम आणला,
दोन-दोन इंच कापून ब्रशांवर चढवला.
आता तो सगळ्यांनाच हवा.
ईसाला ऐकू येत नाही, पण बोटं धडधाकट,
त्यालाही हवा. मऊ लागतो,
असं त्यानं गालावर घासून सांगितलं.
लतीफाआजीला दिसत नाही.
ती दोघांना विचारते, हा रंग कोणता,
आणि उत्तरं जुळली तरच घेते.

बाईंचा एकच नियम: कुणाचा हात धरायचा नाही.
मागितल्याशिवाय मदत नाही,
मागितली तरी आधी थोडं थांबायचं.
मला अजून जमलेलं नाही.
माझा हात आपोआप उठतो,
उल्का डोळे वटारते,
मी तो टेबलाखाली नेऊन ठेवतो.

टेबलाखाली जानेवारीपासून
तो दुसरंच काही करतो आहे.
अंगठा आणि तर्जनी, जणू कुणी तंबाखू मळतंय.
मी जन्मात तंबाखू मळली नाही.
नलिनीला बोललो नाही.
सप्टेंबरात निवृत्ती, मग आमचे तिघांचे व्हिसा,
मग सांगलीचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
घेताना म्हटलं होतं, पुढचं पुढे.

काल समुद्र काढायचा होता.
मी क्षितिजापासून सुरुवात केली, पट्टी न घेता, जरा ऐटीत.
निम्म्यावर रेघेला कापरं भरलं.
कागदही सरकला.
सवयीने ब्लेडसाठी खिशात हात घातला,
हाताला लागला उल्काचा नॅपकिन.

तेव्हा तिनं चिकटपट्टीचं रीळ ओढलं,
जे दर मंगळवारी मी तिच्यासाठी ओढतो.
पट्टी दातांनी तोडली.
पहिला कोपरा वाकडा बसला,
दुसरी पट्टी टेबलालाच चिकटली,
तिसरी माझ्या अंगठ्याला.
दहा मिनिटं गेली असतील.
मी हललो नाही, म्हणजे जो भाग माझ्या ताब्यात आहे
तो हलवला नाही.
मग विहिरीतून पोहरा वर यावा तसा
एकेक शब्द ओढत ती म्हणाली,
बाबा. हलू. दे.

आणि फोम चढवलेला एक ब्रश माझ्याकडे ढकलला,
तो घरंगळून खाली पडला, ईसाने उचलून दिला.
केव्हापासून ठाऊक होतं तिला?

घरी जेवायला बसताना नलिनीने विचारलं,
काय काढलंत आज?
मी म्हटलं, समुद्र.
आणि अंगठ्याला काय झालं?
पट्टी तशीच होती.
मी उल्काकडे पाहिलं.
ती शांतपणे भात कालवत होती.
मदत करणार नव्हती.
मी मागितली नव्हती.