अजून

हलमध्ये, रात्रपाळी सरताना,
हँडओव्हरच्या कागदावर मी लिहिलं:
सात नंबर, मिस्टर ऑल्डरसन,
'स्टिल' जेवले नाहीत.

सिस्टर ग्वेननं 'स्टिल' खोडला, 'येट' केला.
म्हणाली, तुझ्या शब्दानं ताट उचललं,
माझ्यानं झाकून ठेवलंय.

आमच्यात दोन्हींना एकच, अजून.
वैताग की वाट, ते गळ्यानं ठरवायचं;
कागदाला गळा कुठला?

खालच्या रकान्यात:
मुलगी भेटायला आली नाही.
अकरावा आठवडा.
पेन तिथंच अडलं.

ऑल्डरसन उशीवरून विचारत होते,
बाहेर पार्किंगला जागा आहे ना?

मी 'येट' लिहिला.
सिस्टरनं चष्मा लावून वाचला,
खोडला नाही.