आधी आवाज

सोरोकाच्या थंडीत, स्वयंपाकघरातल्या फळीवर,
लोणच्याच्या बरण्यांशेजारी लुकलुकतो राउटर.
इलिंकाने काल रात्री त्याला रांग लावायला शिकवलं:
आधी आवाज. मग शाळा.
पाहोमिये आजोबांची कुस्ती त्यानंतर,
आणि सांदूचा खेळ अगदी शेवटी, कितीही आदळआपट करो.

आई बोलोन्याहून फोन करते,
परक्या म्हातारीला निजवून झाल्यावर.
आतापर्यंत शब्द फुटायचे, चेहरा चौकोनांत विखुरायचा;
"येणार कधी?" विचारलं की
"ऐकू येत नाही गं" म्हणायची सोय होती.

आज एक अक्षर गळलं नाही.
इलिंकाने विचारलं.
पलीकडे नळ ठिबकत होता,
तोसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

आतल्या खोलीतून सांदू ओरडला,
"अडकलंय सगळं!"