डावरी गार

येरळेच्या पात्रात, वांगीच्या खालच्या अंगाला
चाळणीवर उरतं ते आमच्या कामाचं नसतं.
वाळू खाली जाते, गोटे वर राहतात,
दुर्गव्वा ते पाटीनं काठावर फेकते.

त्या दिवशी एक फेकलं नाही तिनं.
मधाच्या रंगाची गार, आंब्याच्या कोयीएवढी,
कडेकडेनं खपल्या उडवलेल्या.
"हे पाण्यानं न्हाई केल्यालं," ती म्हणाली.
तिच्या बापानं जन्मभर जात्यांना टाकी लावली;
घाव कुठून बसला, हे तिला
ढोराच्या मागासारखं वाचता येतं.

मी उजव्या हातात धरून पाहिली.
कड तळव्यात रुतली. अंगठ्याला जागाच नाही.
तिनं काढून घेतली, डाव्या हातात धरली
आणि बसली की!
खोबणीत अंगठा, पाठीवर बोट, धार बाहेर.

याच हातावर मास्तरांची पट्टी, आईचा चिमटा,
सासरी पहिल्यांदा वाढताना
अख्ख्या पंगतीची नजर.

गोणीची सुतळी तिनं एका ओढीत कापली.
मग कापायचं काही नव्हतं, तरी
बाभळीची फांदी घेऊन सोलत बसली,
ओली, हिरवी, लांबच लांब साल.

याच कडेनं कुणी कातडं खरवडलं असेल,
एखाद्या बाळाची नाळही.
त्या माणसाला कुणी म्हटलं असेल का,
हा हात नको, तो घे?

ट्रॅक्टरवाला ओरडला.
गार तिनं कनवटीला खोचली,
आणि दिवसभर
फेकण्याआधी एकेक गोटा
उलटून बघत राहिली.

आमची एक ट्रॉली कमी भरली.