दप्तरात विटा

आमच्या नागपुरात लॉन म्हटलं की गवत नाही,
लग्न आठवतं.
काटोल रोडवरच्या या लॉनवर मी एकोणतीस वर्षं
लग्नाच्या आदल्या दिवशी गवत कापतो.
लग्न कोणाचं, ते गेटवरच्या थर्माकोलवरून कळतं.

पहिला ट्रॅक्टर मिशनच्या दवाखान्याच्या लिलावातला.
बुटका, बिडाचा, एका सिलिंडरचा,
कोण्या डॉक्टरनं बोटीनं मागवलेला.
कंपनीचं नाव घासून गेलेलं,
म्हणून आम्ही त्यालाच डॉक्टर म्हणायचो.

चोक अर्धा, पाय डाव्या चाकावर,
दोरीला तीन हिसके, तिसऱ्यासोबत शिवी.
शिवीशिवाय तो उठत नाही,
जब्बार मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
एकदा ऐन सिझनमध्ये पट्टा तुटला,
तर पिठाच्या गिरणीचा कापून बसवला.
चार वर्षं चालला.
डॉक्टरला आपलंपरकं नव्हतं.

त्यानंच जब्बारभाईंची दोन बोटं घेतली.
पात्यात अडकलेला ओला गठ्ठा ओढायला गेले,
इंजिन चालूच.
बंद केलं असतं तर पुन्हा तीन हिसके.
त्यांना मेयोत नेलं.
मी पाइप लावून पातं धूत बसलो,
पाणी स्वच्छ यायला लागल्यावरही.

मागच्या दिवाळीत गजभियेसाहेबांनी नवं आणलं.
नारिंगी,
पण आंबिया बहाराचं नव्हे, बादलीचं नारिंगी.
किल्ली फिरवली की सुरू.
पाण्याची बाटली ठेवायला खळगा.
आणि बुड उचललं की पातं आपोआप थांबतं.

जब्बारभाई बघायला आले.
तीन बोटांच्या हातानं सीट दाबली,
सोडली,
दाबली,
सोडली.
चहा टाकला होता, तो न घेता गेले.

मग पंकेश.
भंडाऱ्याकडचा, एकोणीसचा,
दोन्ही वेळ मंडपातलं जेवतो, तरी बेचाळीस किलो.
बसला, किल्ली फिरवली. काही नाही.
उठला, धपकन बसला. काही नाही.
यंत्राच्या हिशोबानं सीटवर कोणीच नव्हतं.
"काहून बाप्पा, मी आहो ना!"
तो बॉनेटला म्हणाला.
मंडपवाले पोरं दोन दिवस त्याला 'आहो ना' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी बघतो तर त्यानं सीटखाली वीट सरकवलेली.
गवत मस्त कापलं जात होतं.
मधेच तो उतरला, खाली वाकला,
आणि पातं
फिरतच
होतं.
मी कसा पळालो मला माहीत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
किल्ली काढली, वीट भिंतीवर फेकली,
आणि जी शिवी डॉक्टरची होती ती त्याला दिली.

आता विटा त्याच्या जुन्या दप्तरात असतात.
दप्तर पाठीवर.
तो उठला की विटाही उठतात.
आठवीत सोडलेलं दप्तर,
चेन तुटलेली, कोण्या कार्टूनचं अर्धं तोंड.

डॉक्टर गोडाऊनमागे आहे, पातं काढून.
लग्नानंतर गवतात टाचण्या, खिळे, साडीच्या पिना,
नव्याला त्या सोसत नाहीत.
म्हणून म्हाताऱ्याच्या मागे स्पीकरचं चुंबक बांधून
मी अख्खं लॉन फिरवतो. तेवढ्यापुरत्या शिव्या अजून लागतात.

काल पूर्वेच्या भिंतीशी टिटवी ओरडायला लागली.
पंकेश थांबला, उठला, पातं थांबलं.
चार अंडी, मातीच्याच रंगाची.
खरं सांगतो, डॉक्टरवर असतो
तर मी उतरलो नसतो.
तेवढं गवत आम्ही तसंच ठेवलं,
वर खुर्ची उलटी घातली.
डेकोरेशनवाला विचारत होता, इथे काय येणार?
मी म्हटलं, मुलीकडचे.

पंचेचाळीस डिग्री.
पंकेशनं दप्तर उतरवून विटा बाहेर काढल्या,
गवतावर ठेवल्या, आणि त्यांच्यावर डोकं टेकून झोपला.