बोटाएवढं

वखारीत माझ्या अंगठ्याला मान आहे.
फणीला नुसता टेकवला की सांगतो,
ही दिल्ली गाठेल, ही भुसावळातच पिकेल.
मऊ लागली की बाजूला.
बारा वर्षं मी मऊपणाला नाकारत आलो
सावद्याच्या उन्हात,
चिकाच्या डागांनी काळ्या पडलेल्या सदऱ्यात.

आता तोच अंगठा
सकाळी सात वाजता गंगाफळाच्या फोडीवर ठेवून
वाट बघतो ती मऊ व्हायची.

कल्याणी पहाटेच्या चोपडा गाडीवर गेलेली,
गळ्यात तिकिटाचं मशीन.
ओट्यावर, डब्याखाली दाबलेली चिठ्ठी:
मीठ नको. गूळ नको. वर्षाची होईस्तोवर नाहीच.
बोटाएवढं काप. तुझ्या बोटाएवढं, तिच्या नाही.
आणि खाली दोन रेघा मारून:
मोबाइल लांब.

माझ्याच बोटाएवढं का,
ते तिसऱ्या दिवशी कळलं.
मनूला मूठ वळता येते, हवी तेव्हा उघडता येत नाही अजून.
आत गेलं ते गेलंच.
मुठीच्या वर जेवढं डोकावतं
तेवढंच तिचं जेवण.

मग चाळणीत रताळं, गंगाफळ, गाजराची लांब फाक,
खाली पाण्याचा खदखदाट.
दोन बोटांत दाबलं की गंधासारखं पसरायला हवं.
नाही पसरलं, पुन्हा झाकण.
मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्या कापतो,
कुरकुरीत कडा माझ्या.
भरिताचं वांगं तुरकाठ्यांवर भाजलं
की मिरची पडायच्या आधी
तिचा वाटा वेगळा, पांढरा, बिनमिठाचा,
काळं साल एकूण एक टिपून काढलेलं.

"अरे बाप्पा, घशात अटकीन ना लेकराच्या!
मिक्सरमधून काढ ना."
आईचं काही चुकत नाही.
पहिल्या दिवशी मनू खोकली, लाल झाली,
डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर,
मी झेपावलो बोट घालायला.
कल्याणीनं मनगट धरलं माझं.
"आवाज येतोय ना? मग थांब.
आवाज बंद झाला तर उठायचं."
गाजर बाहेर आलं. मनूनं ते बघितलं
आणि परत तोंडात घातलं.
तेव्हापासून मी तिच्यासमोर बसतो
डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त.

आणि केळं?
ते तर साबणासारखं निसटतं तिच्या हातून.
फुटाण्याच्या पिठात घोळवलं,
अर्धं साल ठेवून मूठ करून दिली.
तिनं फिरवलं, हुंगलं,
एकदा चावल्यासारखं केलं
आणि खुर्चीच्या बाहेर हात नेऊन
शांतपणे सोडून दिलं.
दुसरं दिलं. तेही.
आमचे शेठ सुद्धा इतका माल नाकारत नाहीत.
शेजारचे फिरके काका दारात उभे राहून हसले:
"तीन पिढ्या केळीवर जगल्या रे तुमच्या,
आणि पोरगी गंगाफळ मागते!"
मागते. कोपरापर्यंत केशरी होऊन,
भुवईत एक फोड चिकटवून मागते.

रात्री फरशी पुसताना
खाटेखाली सापडलं ते सकाळचं केळं.
पिठाला मुंग्या लागायच्याच होत्या.
केरात टाकणार, तर दिव्याखाली दिसलं:
हिरड्यांची बोथट चेपण,
आणि तिच्या मधोमध
नखानं ओढावी तशी
एक बारीक, सरळ चीर.

अंगठा लावून बघितला.
बारा वर्षांत या अंगठ्याला
असं काही कळलं नव्हतं.

कल्याणी झोपलेली. चारला उठायचं तिला.
मनूही झोपलेली, तोंड अर्धं उघडं,
पण मी बोट घालून बघितलं नाही.
तुकडा बशीत ठेवला, बशी पाण्यात, वर वाटी उपडी,
आणि तिच्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं:
फेकू नको.
आधी उजेडात धर.